बिनफटीचा डबा

अर्ध्या शहरात मिस्त्रींच्या हातची दारं, पलंग आणि कपाटं होती, आणि त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाला दाराऐवजी पडदा होता. पडदा बायकोने शिवला होता, कारण ती शिवणकाम करायची आणि वाट बघत बसायचा तिचा स्वभाव नव्हता. दार व्हायचं होतं. गेली अकरा वर्षं ते पुढच्या महिन्यात व्हायचं होतं. गिऱ्हाइकाचं काम आधी, घरचं काय, घर कुठे पळून जातंय, असं मिस्त्रींचं साधंसरळ शास्त्र होतं. त्या शास्त्रात मुलीचं अभ्यासाचं टेबल आणि पुस्तकांची मांडणी केव्हाच गडप झाली होती. मुलगी पलंगावर बसून शिकली, पास झाली, नोकरीला लागली, आणि टेबलाचं नावही काढेनाशी झाली. मिस्त्रींना वाटलं, चला, पोर समजूतदार निघाली.

या पोरीला घरात भिंगरी म्हणत. लहानपणी एका जागी टिकायची नाही म्हणून पडलेलं नाव. आता ती एकवीस वर्षांची होती आणि औषधांच्या दुकानात काउंटरमागे दिवसभर खांबासारखी उभी राहायची, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. दोन वर्षं पगारातून थोडं थोडं बाजूला टाकून ती कॉम्प्युटर घ्यायला निघाली होती. साधासुधा नव्हे, गेम खेळायचा. आजवर ती मैत्रिणीच्या घरी जाऊन खेळायची. ती मैत्रीण लग्न होऊन लांब गेली, आणि आता दोघींना एकत्र खेळायचं तर भिंगरीकडे स्वतःचा कॉम्प्युटर हवा होता.

"मग तयार मिळतो तो आण की," मिस्त्री जेवताना म्हणाले. "सुटे भाग कशाला जमवत बसतेस?"

"लोक तयार कपाट आणतात तेव्हा तुम्ही काय म्हणता, बाबा?"

मिस्त्रींनी पुढचा घास तोंडात घातला. तयार कपाटांबद्दल ते जे म्हणत ते जेवताना बोलण्यासारखं नव्हतं.

भिंगरीची यादी औषधाच्या रिकाम्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर होती. पेन्सिलीने लिहून, खोडून, परत लिहून पुठ्ठा काळवंडला होता. तिने बापाला एकेक ओळ समजावली. प्रोसेसर म्हणजे डोकं. रॅम म्हणजे काम करताना हाताशी घेतलेलं सामान. चित्रं काढायचं काम ग्राफिक्स कार्डाचं, आणि गेममध्ये सगळी मजा चित्रांची, म्हणून पैसा तिथे ओतायचा आणि बाकी सगळीकडे हात आखडायचा. एका भागावर उधळलं की दुसरा उपाशी राहतो, आणि उपाशी भाग बाकीच्यांनाही पळू देत नाही.

"म्हणजे पैसा लाकडात घालायचा, दाराच्या मुठीत नाही," मिस्त्री म्हणाले.

"अगदी!" भिंगरी म्हणाली, आणि मिस्त्रींना उगाच बरं वाटलं. पोरीला आपलं बोलणं पटल्याला बरेच दिवस झाले होते.

रविवारी दोघं दुकानात गेले. दुकान एका जिन्याखाली होतं, आणि दुकानदार चष्मा कपाळावर चढवून तो शोधत असल्यासारखा दिसायचा. त्याने आधी रंगीत दिव्यांचे पंखे लावून दाखवले. लाल, निळा, जांभळा. मिस्त्रींनी ते पंखे असे पाहिले, की दुकानदाराने आपण होऊन ते बंद केले.

भिंगरी मात्र तयारीची होती. प्रोसेसर तिने मागच्या साली निघालेला घेतला, कारण नव्यात आणि त्यात किमतीचा फरक मोठा आणि कामाचा थोडा. रॅमची एक मोठी पट्टी न घेता दोन छोट्या घेतल्या. दोन पट्ट्या जोडीने काम करतात, असं तिने बापाला कानात सांगितलं. सगळे भाग ज्यावर बसतात तो बोर्ड साधा. साठवणुकीला लहान एसएसडी, पुढे जमेल तसं वाढवायचं. ग्राफिक्स कार्डाशी मात्र गाडी अडली. तिला हवं होतं ते कार्ड नवं घेणं झेपत नव्हतं, आणि दुकानदाराकडे तेच कुणीतरी थोडं वापरून परत केलेलं होतं.

"वापरलं म्हणजे नावापुरतं, ताई," तो म्हणाला. "पेटीतून काढलं आणि ठेवलं."

मिस्त्रींनी कार्ड हातात घेतलं, उलटं केलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. कार्डातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण स्क्रू कळत होते.

"हे चारही स्क्रू उघडलेले आहेत," ते म्हणाले. "आणि उघडणाऱ्याचा हात चांगला नव्हता. खाचा बघा, कशा कुरतडल्यात."

दुकानदाराचा चष्मा कपाळावरून नाकावर आला. त्याने स्क्रू पाहिले, मिस्त्रींना पाहिलं, आणि ते कार्ड मुकाट्याने फळीवर परत गेलं. भिंगरीने एक पायरी खालचं, पण नवं कोरं कार्ड घेतलं. मग आला पॉवर सप्लाय, म्हणजे सगळ्यांना वीज वाटणारं खोकं. दोन खोकी काउंटरवर आली, दोन्हींवर आकडे सारखेच आणि एक जवळजवळ निम्म्या किमतीत. मिस्त्रींनी एक या तळहातावर, एक त्या तळहातावर घेतलं. बिजागऱ्या घेताना ते असंच करत.

"हे हलकं आहे. आत काहीतरी कमी घातलंय."

"बाबा बरोबर म्हणतायत," भिंगरी दुकानदाराला म्हणाली. "जडच द्या. हे गेलं तर सगळ्यांना घेऊन जाईल."

मिस्त्रींची छाती दोन बोटं पुढे आली. पण जड खोक्याने यादीचा तोल बिघडवला, आणि शेवटच्या ओळीसाठी, म्हणजे हे सगळं ज्यात बसवायचं त्या बाहेरच्या डब्यासाठी, जवळपास काहीच उरलं नाही. दुकानदाराने सगळ्यात स्वस्त पत्र्याचा डबा काढून दाखवला. मिस्त्रींनी त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"हा? हात कापेल याने. डबा मी करतो. लाकडाचा."

भिंगरीने मान वर केली नाही. "बरं," ती म्हणाली. मिस्त्री बाहेर येऊन पायात चपला घालत होते तेव्हा तिने हळूच दुकानदाराला विचारलं, "तो पत्र्याचा डबा महिनाभर बाजूला ठेवाल का? बहुतेक मी येईनच न्यायला."

करवतीच्या आवाजाने मिस्त्रींचे कान थोडे गेले होते, पण तेवढेही गेले नव्हते. पोर समजूतदार नव्हती. पोरीने बापावर भरवसा ठेवायचं सोडून दिलं होतं, आणि सोडून दिलं म्हणून तक्रारही केली नव्हती. आता हा डबा वेळेत झाला नाही तर आपल्या शब्दाला या घरात कवडीची किंमत राहणार नाही, हे त्यांना उन्हासारखं लख्ख दिसलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एका गिऱ्हाइकाला चक्क सांगितलं, की तुमच्या कपाटाला पंधरा दिवस लागतील, घरचं काम निघालंय. गिऱ्हाईक चकित झालं, आणि मिस्त्री स्वतः त्याहून चकित झाले.

एका जुन्या मोडक्या पलंगाच्या फळ्या त्यांनी कित्येक वर्षं जपून ठेवल्या होत्या. काळसर, पक्कं लाकूड, असं आता मिळत नाही. त्या फळ्या त्यांनी रंधा मारून साफ केल्या. कोपऱ्यांवर खिळा नाही, स्क्रू नाही; खाचेत खाच अशी बसवली, की जोड कुठे आहे ते नखाला लागू नये. भिंगरीने मापं लिहून दिली होती आणि खाली दोन ओळी: पुढे आणि वर जाळी. हवा खेळती हवी.

मिस्त्रींनी त्या ओळी वाचल्या. जाळी! जाळी कोंबड्यांच्या खुराड्याला असते. मागच्या बाजूला तारांसाठी आणि त्या जड खोक्यासाठी जागा कापलेली होतीच, हवेला आणखी किती वाट हवी? आणि ह्या लाकडाला भोकं पाडायची म्हणजे नव्या कापडाला कात्री लावायची. त्यांनी त्या ओळींकडे सरळ काणाडोळा केला.

काम पुरं झालं की मिस्त्रींची एक परीक्षा असे. कपाट असो की पेटी, आत पेटलेला टॉर्च ठेवायचा, झाकण लावायचं, कारखान्याचं दार आणि खिडक्या बंद करायच्या आणि चहूबाजूंनी फिरून बघायचं. कुठून उजेडाची रेघ दिसली तर ते काम परत रंध्याखाली. तीस वर्षांत कुणी त्यांच्याकडे ही परीक्षा मागितली नव्हती, पण ती दिल्याशिवाय एकही वस्तू बाहेर गेली नव्हती. डब्याची मागची कापलेली जागा त्यांनी पुठ्ठ्याने झाकली, टॉर्च आत ठेवला आणि अंधारात तीन फेऱ्या मारल्या. रेघ नाही. केसाएवढीही नाही. मिस्त्रींनी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

बाराव्या दिवशी डबा घरी आला. बायकोने शिवणयंत्र थांबवलं. भिंगरी दुकानातून आली, पर्स खांद्यावरच, आणि डब्यासमोर उभी राहिली. मग तिने तळहात त्याच्या पाठीवरून सावकाश फिरवला.

"हा माझ्यासाठी केलात?"

"मग काय शेजाऱ्यांसाठी?"

ती हसली नाही. तिने पटकन तोंड फिरवलं आणि पाणी प्यायला आत गेली, आणि बराच वेळ पाणी पीत राहिली.

रविवारी दुपारी तिने सगळे भाग जोडले. बाजूची फळी चार स्क्रूंवर उघडायची आणि बंद व्हायची, तेवढी सोय मिस्त्रींनी केली होती. बटण दाबताच तिने आधीच घेऊन ठेवलेल्या मॉनिटरचा पडदा उजळला. कुठलंसं जंगल दिसलं, पान न् पान हललं, आणि लांबच्या मैत्रिणीचा आवाज खोलीत आला, "आलीस का गं एकदाची!" मिस्त्री दहा मिनिटं बघत उभे राहिले आणि मग कृतकृत्य होऊन झोपायला गेले.

पुढचे दहा दिवस कारखान्यात जो येईल त्याला डब्याची गोष्ट ऐकावी लागली. एकाला तर दोनदा. घरी आल्यावर ते रोज विचारत, "कसा चाललाय?" आणि भिंगरी म्हणायची, "झकास."

अकरावा दिवस गुरुवार होता, आणि भिंगरीने सुट्टी घेतली होती. दुपारी तीनच्या सुमाराला कारखान्यातली वीज गेली ती येईना, म्हणून मिस्त्री घरी आले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत भिंगरी पाठमोरी बसली होती, कानांवर हेडफोन. तिच्यासमोर वर्तमानपत्र पसरून त्यावर कॉम्प्युटर उघडावाघडा मांडला होता. बोर्ड, कार्ड, ते जड खोकं, सगळं हवेशीर, आणि सगळं सुरळीत चाललेलं. भिंतीशी जमिनीवर डबा होता. रिकामा. त्याला धूळ लागू नये म्हणून वर स्वच्छ ओढणी घातली होती.

मिस्त्रींना पहिल्यांदा वाटलं, पोरीला डब्याची लाज वाटते. तेवढ्यात बायकोने आतून त्यांना पाहिलं, तोंडावर बोट ठेवलं आणि स्वयंपाकघरात ओढून नेलं.

"बंद पडतो तो," ती कुजबुजली. "डब्यात ठेवला की वीस मिनिटांत तापतो आणि बंद. पहिल्याच दिवशी पडला, तुम्ही झोपला होतात."

"मला सांगायचं नाही?"

"मी सांगणारच होते. तिनेच हाता-पाया पडून थांबवलं. रोज पाचला दुकानातून आली की बाहेर काढून खेळते आणि तुमची गाडी यायच्या आधी सगळं परत आत बसवते. आता हात बसलाय तिचा, पाच मिनिटांत करते."

मिस्त्री पडद्याच्या कपाटाला टेकून उभे राहिले. पाच मिनिटांत. म्हणजे रोज संध्याकाळी सहाच्या ठोक्याला ती पोर चार स्क्रू पिळत बसणार, बाप येईल म्हणून. त्यांना राग आला, पण कुणाचा ते सापडेना. शेवटी तो त्यांचा स्वतःचाच निघाला. तिने तर दोन ओळी लिहून दिल्या होत्या.

ते आल्या पावली निघाले. कोपऱ्यावर एका बाकावर तीन तास बसले आणि साडेसहाला नेहमीसारखे घरी आले. डबा जेवणाच्या टेबलावर होता, आत सगळं जागच्या जागी.

"कसा चाललाय?"

"झकास, बाबा."

"मग खेळ. मी बघतो."

भिंगरीने आईकडे पाहिलं. आई सुईत दोरा ओवण्यात गर्क झाली. भिंगरीने खेळायला सुरुवात केली, आणि मिस्त्रींनी शेजारी खुर्ची ओढून तळहात डब्यावर ठेवला. लाकूड कोमट झालं. मग गरम झालं. आतले पंखे किंचाळू लागले. भिंगरी पडद्याकडे बघत होती, पण खेळत नव्हती, वाट बघत होती. पडदा काळा झाला.

मिस्त्रींनी हात काढला नाही.

"मी दुपारी आलो होतो," ते म्हणाले. "वीज गेली म्हणून."

भिंगरीचा चेहरा उतरला. "बाबा, तुमचं काम वाईट नाहीये. खरंच नाहीये. मीच काहीतरी…"

"गिऱ्हाईक असतीस तर काय केलं असतंस?"

भिंगरी डब्याच्या कडेवरून नख फिरवत राहिली.

"बोंब मारली असतीस. डबा आणून माझ्या दारात आपटला असतास. मग इथे का नाही?"

"कारण तुम्ही केलात!" भिंगरीचा आवाज चिरकला. "इतक्या वर्षांत तुम्ही पहिल्यांदा काहीतरी माझ्यासाठी केलंत. आणि मी लगेच नावं ठेवू? मग तुम्ही परत कधी काही केलं असतंत का?"

शिवणयंत्र थांबलं. गिऱ्हाइकांनी मिस्त्रींना बरंच काय काय ऐकवलं होतं, पण इतकं वर्मी कधी काही लागलं नव्हतं. डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवायची खटपटही केली नाही.

"केलं असतं," ते म्हणाले. मग खरं तेच म्हणाले, "माहीत नाही. पण आता करणार आहे. तू बोल. काय काय चुकलंय ते सगळं सांग, एकही सोडू नकोस."

"बाबा, राहू दे."

"बोल म्हणतो ना."

भिंगरीने स्क्रूड्रायव्हर घेतला, बाजूची फळी उघडली आणि एकेक भाग काढून टेबलावर ठेवू लागली. कुणापासून लपवायचं नव्हतं म्हणून या वेळी तिला पंधरा मिनिटं लागली, आणि हात चालता चालता तोंडही सुटलं. पुढून हवा आत यायला हवी आणि वरून बाहेर जायला हवी, मी लिहून दिलं होतं, तुम्ही वाचलंच नाहीत. वाचलं होतं, मिस्त्री म्हणाले. मग तर आणखीनच वाईट, भिंगरी म्हणाली. डबा इतका जड आहे की खालचं झाडायला मला एकटीला उचलत नाही. पॉलिशच्या वासाने पहिले चार दिवस डोकं दुखलं. आणि मला गडद रंग आवडत नाही, कधीच आवडला नाही, फिका आवडतो.

मिस्त्री पेन्सिलीने डब्याच्या पुढच्या फळीवर भोकांच्या जागा आखत होते. "आणखी?"

"बटण उजवीकडे आहे."

"मग?"

"मी डावखुरी आहे, बाबा."

मिस्त्रींची पेन्सिल थांबली. माहीत नव्हतं असं नाही. ते जेवताना रोज तिच्या डाव्या हाताला बसत आणि रोज दोघांची कोपरं लागत. कार्डाची लांबी, बोर्डाची रुंदी, पंख्याचा घेर, सगळं त्यांनी दोन-दोनदा मोजलं होतं. पोरीच्या हाताचा विचार मात्र एकदाही मनात आला नव्हता. "बटण फिरवतो," ते हळू आवाजात म्हणाले. "जुनी जागा बुजवतो. डाग दिसेल."

"दिसू दे."

त्यांनी पिशवीतून ड्रिल काढलं. पहिल्या खुणेवर टोक टेकवलं तेव्हा हात जरा अडला, इतकं सुरेख लाकूड ते. मग त्यांनी दाबलं. भुसा टेबलावर उडाला, भोक आरपार गेलं. भिंगरी वाकली आणि एक डोळा मिटून तिने ते पाहिलं.

"वाकडं गेलंय."

आतल्या खोलीत कात्री कापडावर थबकली. तीस वर्षांत मिस्त्रींना हे तोंडावर कुणी म्हटलं नव्हतं.

"कुठे?"

"हे काय, वरच्या अंगाला."

मिस्त्री वाकले. खरंच वाकडं होतं. थोडंसंच, पण होतं. "हो की," ते म्हणाले, आणि त्यांना इतका आनंद झाला की काही क्षण ते तसेच वाकलेले राहिले. "पुढचं सरळ पाडतो. तू बघत राहा. चुकलं की लगेच बोल."

"बोलेन," भिंगरी म्हणाली. "आधी तो हात काढा तिथून, मला रेघ दिसत नाहीये."